कोंडी कोठे आहे?

दिवाळीच्या आधीचा आठवडा व्यापारी घरात हिशेबाचा असतो. राहून गेलेली येणी आठवतात, शिलकी मालाची मोजदाद होते, वहीपूजनासाठी नव्या वह्या आणून ठेवल्या जातात. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी कापडाची पिढीजात पेढी असलेल्या एका जैन कुटुंबात २०२५च्या दिवाळीपूर्वी याच आठवड्यात एक निराळाच हिशेब निघाला. तो होता नातवाच्या संगणकाचा.

नातू एकोणीस वर्षांचा, स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. २०१८ साली त्याला घरून खेळाचा संगणक मिळाला होता. आता तो अडखळू लागला होता. चित्र थबके, मग एकदम पुढे उडी मारी. मागच्याच दिवाळीत नातवाने ओवाळणीचे आणि वाढदिवसाचे साठवलेले सगळे पैसे घालून नवे ग्राफिक्स कार्ड बसवले होते. कार्ड उत्तम होते, पण अडखळणे जवळपास तसेच राहिले. आता त्याचे म्हणणे असे, की संगणकच जुना झाला. नवा संच घ्यावा. त्याची किंमत पाऊण लाखाच्या पुढे जात होती.

वडील चिडले. “मागच्या वर्षी कार्ड, या वर्षी संगणक, पुढच्या वर्षी काय?” असे ते म्हणाले आणि विषय संपला असे त्यांना वाटले. नातू काही बोलला नाही. पण दोन दिवस तो जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसू लागला. साठवलेला पैसा आपल्याच हाताने वाया घालवल्याचा सल त्याला संगणकापेक्षा अधिक बोचत होता. ही गोष्ट पहिल्यांदा आजोबांच्या ध्यानात आली.

आजोबांनी गादीवर पंचेचाळीस वर्षे काढलेली. संगणकाचे त्यांना फारसे कळत नाही. परंतु पैसा घालूनही काम पुढे का सरकत नाही, या प्रश्नाशी त्यांचा जुना परिचय आहे. त्यांनी नातवाला जवळ बसवून एवढेच विचारले, “बेटा, कार्ड घेण्यापूर्वी अडले कोठे आहे ते पाहिले होतेस का?”

“नाही आजोबा. सगळे म्हणाले, खेळ अडखळत असेल तर कार्ड बदल.”

“मग आता पाहू. औषध नंतर, नाडी आधी.”

तो कोणता खेळ खेळतो, हे येथे सांगितले पाहिजे. शाळेत असताना त्याच्याही हाती बंदुकांचे खेळ आले होते. “खरे कोण मरते त्यात?” असे तो आजीला म्हणे. आजीने एका पर्युषणात त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला राजा तयार नव्हता. आईच्या आग्रहापुढे नमून त्याने पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण त्यामागचा संकल्प पिठाचा नव्हता. म्हणून माता आणि पुत्र या दोघांनाही कितीतरी तिर्यंच योनींतून फिरावे लागले. आजीने बंदी घातली नाही, फक्त कथा सांगितली. त्यानंतर काही महिन्यांनी नातवाने ते खेळ आपणहून बाजूला ठेवले आणि नगररचनेच्या खेळाकडे वळला. फिनलंडमधील एका संस्थेने तयार केलेला ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा तो खेळ, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. त्यात रस्ते आखायचे, पाणी आणि वीज पोहोचवायची, बस आणि रेल्वे यांचे मार्ग ठरवायचे आणि वाढणारे शहर सांभाळायचे. जो मुलगा उद्या खरोखरीचे रस्ते आखणार, त्याच्या दृष्टीने हा निव्वळ वेळ घालवणे नव्हे.

याच खेळाच्या स्वभावात अडचणीचे उत्तर दडलेले होते.

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र दोन कारागिरांच्या हातून तयार होते. पहिला प्रोसेसर, दुसरे ग्राफिक्स कार्ड. कोणती गाडी कोठे वळली, कोणता नागरिक घरातून निघून कामावर पोहोचला, कोठे आग लागली, याचा हिशेब प्रोसेसर करतो. तो हिशेब हाती आला, की ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते. एका सेकंदात साठ चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. या अवधीत दोघांचेही काम उरकले पाहिजे. हिशेबनीस मागे पडला तर रंगारी कितीही चपळ असो, तो कुंचला हातात धरून बसून राहतो. नगररचनेच्या या खेळात प्रत्येक नागरिकाला घर आहे, नोकरी आहे, जाण्यायेण्याचा मार्ग आहे. शहर लाखाच्या घरात गेले, की रंगकाम फारसे वाढत नाही. हिशेब मात्र प्रचंड वाढतो.

नातवाने आजोबांसमोर दोन साध्या परीक्षा केल्या. या परीक्षा कोणत्याही घरात, एक पैसाही खर्च न करता होऊ शकतात.

पहिली परीक्षा अशी. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचे आकारमान कमी करायचे. नातवाने ते १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० केले. रंगवायचे ठिपके निम्म्याहूनही कमी झाले. अडचण कार्डाची असती तर वेग लगेच वाढला असता. वेग जागचा हलला नाही. सेकंदाला वीस-बावीस चित्रे होती, तेवढीच राहिली.

दुसरी परीक्षा विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये करायची. तेथे ग्राफिक्स कार्ड निम्म्याहून कमी कामात दिसले. प्रोसेसरचा एकंदर आकडाही पन्नास टक्क्यांच्या आसपासच होता. नातू गोंधळला. “आजोबा, प्रोसेसरही निम्मा रिकामाच आहे!” आजोबांनी विचारले, “ही सरासरी आहे ना? एकेकाचे वेगळे दिसत नाही का?” नातवाने आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा निराळा आलेख उघडला. बारापैकी दोन जवळजवळ पूर्ण भरलेले होते आणि बाकीचे आळसावून बसलेले.

सरासरीचा हा फसवा स्वभाव व्यापाऱ्याला नवा नाही. खात्यात वर्षभराची सरासरी शिल्लक उत्तम असते आणि तरीही नेमक्या देण्याच्या दिवशी धनादेश परत जातो. आजोबांनाही त्यांच्या दुकानातील एक जुनी दिवाळी आठवली. गर्दी वाढली म्हणून त्यांनी शेजारचा गाळा घेतला, कपाटे वाढवली, माल दाखवणारी चार माणसे वाढवली. विक्री मात्र होती तेवढीच राहिली. कारण बिल करणारा मुनीम एकच होता आणि निवडलेले कापड हातात घेऊन गिऱ्हाईक त्याच्यापुढे ताटकळत होते. कंटाळून काही जण निघूनही जात. गाळ्याचे भाडे वर्षभर अंगावर पडल्यावर त्यांना ते उमगले. नातवाचे कार्ड म्हणजे तोच शेजारचा गाळा होता. आजोबांनी ही हकिकत घरात प्रथमच सांगितली आणि ती ऐकून नातवाच्या चेहऱ्यावरचा ताण कितीतरी दिवसांनी उतरला. आपली चूक आजोबांच्या पंगतीतली आहे, हे कळण्यात मोठा दिलासा असतो.

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ज्याला ‘अडथळ्यांचा सिद्धांत’ म्हणून ओळखतात तो याहून वेगळे सांगत नाही. एलियाहू गोल्डरॅट हे मूळचे इस्रायलमधील भौतिकशास्त्रज्ञ. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल’ या त्यांच्या पुस्तकात एका कारखान्याची कथा आहे आणि त्या कथेत मुलांच्या पायी सहलीचा एक प्रसंग आहे. रांगेतला सर्वांत संथ मुलगा ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने सारी रांग मुक्कामी पोहोचते. पुढच्या मुलांनी कितीही पावले उचलली तरी फक्त अंतर वाढते. मग त्या मुलाच्या पाठीवरचे ओझे वाटून घेतले जाते आणि सगळेच लवकर पोहोचतात. गोल्डरॅट यांनी क्रम घालून दिला तो असा : आधी अडथळा ओळखा, मग जे आहे त्याचाच पुरेपूर वापर करा, बाकीचे काम त्याच्या वेगाशी जुळवून घ्या, एवढ्याने भागले नाही तरच पैसा घालून त्याची क्षमता वाढवा, आणि ती वाढली, की अडथळा आता कोठे सरकला ते पुन्हा पाहा.

या क्रमातील दुसरी पायरी बहुतेक जण ओलांडून जातात. नातवाने संगणकाची पेटी उघडली. आत सात वर्षांची धूळ होती. संगणक बंद करून, वायर काढून ती मऊ ब्रशने झाडली. मग रॅमच्या पट्ट्या पाहिल्या. पट्ट्या दोन होत्या, पण शेजारशेजारच्या खाचांत बसवलेल्या. चार खाचांच्या मदरबोर्डावर दोन पट्ट्या साधारणतः दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. तसे केले तरच प्रोसेसरला स्मृतीकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा खुल्या होतात. शिवाय पट्ट्यांवर ३००० लिहिलेले असताना त्या २१३३च्या वेगानेच चालत होत्या, कारण बायॉसमधील त्यासाठीची मांडणी कोणी सुरूच केलेली नव्हती. मोटारीला पाच गिअर असताना सात वर्षे ती तिसऱ्यातच हाकावी, तसा हा प्रकार. दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला अर्धा तास लागला आणि खर्च शून्य. खेळ पुरता सुधारला नाही, पण अडखळणे डोळ्यांना जाणवेल इतके कमी झाले.

आता उरला खुद्द प्रोसेसर. तो होता एएमडी कंपनीचा रायझन ५ १६००, २०१७ साली बाजारात आलेला. त्यात सहा कोअर. प्रत्येक कोअर दोन कामे एकाच वेळी ओढत असल्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये बारा दिसत होते. हा प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला एएम४ म्हणतात. एएमडीने ही बैठक अनेक वर्षे बदलली नाही. त्यामुळे २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर त्याच मदरबोर्डावर बसू शकत होता. त्यासाठी मदरबोर्डाचे बायॉस आधी अद्ययावत करणे तेवढे गरजेचे होते.

येथे नातवाने एक रास्त शंका काढली. नव्या प्रोसेसरमध्येही कोअर सहाच होते. मग फरक तो काय पडणार? फरक माणसांच्या संख्येत नाही, हाताच्या गतीत आहे. जुना प्रोसेसर जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा ४.४ पर्यंत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ठोक्यात नवा अधिक काम उरकतो. प्रोसेसरच्या पोटातच जी अतिवेगवान स्मृती असते, ती जुन्यात १६ मेगाबाइट आणि तीही आठ-आठच्या दोन दालनांत विभागलेली. नव्यात ३२ मेगाबाइट, सहाही कोअरना सामाईक. सतत लागणारी वही गल्ल्याजवळच असावी, दर वेळी माळ्यावर जावे लागू नये, तसा तिचा उपयोग. खेळाचा भार दोन-तीन कोअरवरच पडत असेल तर आणखी सहा कोअर विकत घेऊन काय उपयोग? मुनीम चपळ हवा. कपाटे उचलणारी माणसे वाढवून बिले लवकर होत नाहीत.

दोन्ही प्रोसेसरची ठरीव औष्णिक मर्यादा ६५ वॅट. त्यामुळे जुना पंखा आणि वीजपुरवठ्याची पेटी बदलावी लागली नाही. आणखी एक लाभ अनपेक्षितपणे पदरात पडला. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११च्या मान्य यादीत जुना प्रोसेसर नव्हता, नवा आहे. म्हणजे संगणक खेळापुरताच नव्हे, तर सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आणखी काही वर्षे वापरात राहणार होता. आणि खर्च? नव्या संचाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

प्रत्येक घरात हे असेच जमेल असे मात्र नाही. इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा चालत नाही, जरी दोहोंच्या बैठकीचे नाव ११५१ असेच असले तरी. अशा वेळी मदरबोर्डही बदलावा लागतो. आणि एखाद्याने पुढची एएम५ बैठक निवडली तर डीडीआर५ जातीची रॅमही नव्याने घ्यावी लागते. म्हणून खरेदीआधी मदरबोर्डाचे नाव आणि क्रमांक पाहून त्याच्या कंपनीने दिलेली मान्य प्रोसेसरांची यादी तपासावी. दुकानदाराच्या “बसेल हो” यावर हा व्यवहार करू नये.

खरेदीच्या दिवशी खरी कसोटी लागली. वडील आता राजी झाले होते आणि नातवासोबत स्वतः दुकानात गेले होते. दुकानदाराने सहज विचारले, “बिल पेढीच्या नावाने करू ना? १८ टक्के जीएसटी वळता होईल. वर आयकरात ४० टक्के घसाराही मिळेल.” वडिलांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. असे सर्रास होते, त्यात त्यांना वावगे वाटले नाही. बिल पेढीच्या नावाने झाले.

रात्री ते बिल आजोबांच्या हाती आले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग विचारले, “हा संगणक पेढीवर कधी येणार आहे?”

“बाबा, रक्कम ती केवढी! सगळेच करतात.”

“रक्कम लहान आहे म्हणूनच सांगतो. मोठी असती तर भीतीनेच केले नसते.”

कायद्याची बाजू स्पष्टच आहे. स्वतःच्या उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराचे क्रेडिट घेता येत नाही, आणि घसारा मिळतो तो व्यवसायासाठी वापरलेल्या मालमत्तेवर. परंतु आजोबांनी कायद्याचे नाव काढले नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे, एवढीच आठवण त्यांनी दिली. राज्याच्या नियमाला बगल देऊन मिळवलेला लाभही तेथे चोरीच्या पंगतीत बसतो. मग ते मुलाकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, “त्याला कार्डाच्या चुकीतून एक गोष्ट शिकायला मिळाली. या बिलातून तो काय शिकेल, तेही आपणच ठरवतो आहोत.” नातू दारातच उभा होता. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दुकानात गेले, बिल बदलून वैयक्तिक नावाने घेऊन आले आणि पैसे पेढीच्या गल्ल्यातून नव्हे, आपल्या खात्यातून दिले.

पुढचे काम नातवाने आजोबांना शेजारी बसवून केले. बायॉस अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आणि त्या पाच-दहा मिनिटांत वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून त्याने संगणक इन्व्हर्टरच्या वाहिनीवर घेतला आणि मगच सुरुवात केली. त्यानंतर थोडा वेळ संगणक चालवून पंख्याखालची वाळलेली पेस्ट ऊबेने मऊ होऊ दिली, संगणक पुरता बंद करून वायर काढली आणि पंखा सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. एएम४ प्रोसेसरला खालून १३३१ नाजूक पिना असतात. पंख्याबरोबर प्रोसेसर उपटून आला तर त्या वाकतात. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बैठकीवरील त्रिकोणाशी जुळवून तो आपल्याच वजनाने खाली बसू दिला. वरून दाब दिला नाही. मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि पंखा आवळला.

शहर उघडले. रस्त्यांवरून गाड्या सलग धावू लागल्या. विशीतला आकडा पस्तिशी-चाळिशीच्या घरात गेला. मागच्या वर्षी घेतलेल्या कार्डालाही आता पुरेसे काम मिळू लागले; त्यावर घातलेला पैसा वर्षभर उशिरा का होईना, कामी आला. नातवाने लगोलग पुन्हा टास्क मॅनेजर उघडून कोंडी आता कोठे सरकली ते पाहिले. “साठ व्हायला अजून काय लागेल?” असे वडिलांनी हसत विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पप्पा, शहर पाहायला एवढे पुरते.” ‘एवढे पुरते’ हे शब्द आजोबांनी ऐकले. परिग्रहाचे परिमाण करणे म्हणजे तरी दुसरे काय असते?

जुना प्रोसेसर माळ्यावर गेला नाही. चालती वस्तू निष्काळजीपणे फेकणे किंवा कुजवत ठेवणे म्हणजे अनर्थदंडच. नातवाने तो त्याच जातीचा मदरबोर्ड असलेल्या एका वर्गमित्राला दिला. त्याच्या संगणकाचा प्रोसेसर याहूनही जुना होता. नव्या संचाचे जे पैसे वाचले, त्याबद्दल घरात कोणी काही बोलले नाही. पाडव्याच्या दिवशी आजोबांनी नातवाच्या हाती एक कोरी वही ठेवली. तिच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात तारीख घातली, प्रोसेसरची किंमत लिहिली आणि त्याखाली मागच्या वर्षीच्या कार्डाचीही.

पेढी असो, संसार असो वा संगणक. काम अडले, की हात आधी खिशाकडे जातो. तो तेथे पोहोचण्यापूर्वी कोंडी कोठे आहे हे विचारण्याची सवय ज्या घराला लागते, त्या घराचा पैसा तर वाचतोच. कित्येकदा त्याहून मोलाचे काही वाचते.